अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या एका सीझनसाठी अख्खं शहर वेडं का होतं?

2018 ते 2020 मी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत, एम.एस. करत होतो. 2019 चा सीझन मी बॅटन रूजमध्ये, म्हणजे एलएसयूच्याच शहरात, राहून पाहिला, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एकाच सीझनमधून देतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा, आपल्या नेहमीच्या फुटबॉलचा, सामना असला की आमच्या घरात दुपारची जेवणं लवकर उरकायची. त्यामुळं आपल्या पेठेची टीम म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अमेरिकन फुटबॉल हा खेळ मात्र पूर्ण वेगळा आहे. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडं फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना जातो. एवढं कळलं तरी सामना बघता येतो.

सीझन अगदी छोटा असतो. ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत बारा सामने, आठवड्याला एक, बहुतेक शनिवारी. तेव्हा प्लेऑफमध्ये देशातल्या फक्त चार टीम जायच्या (आता बारा जातात), आणि त्या पद्धतीच्या दहा वर्षांत दोन सामने हरलेली एकही टीम त्या चौघांत पोचली नाही. म्हणजे सप्टेंबरमधला एक शनिवार घसरला तरी वर्षभर जीव टांगणीला. आपल्या आयपीएलमध्ये चार-पाच हरूनही कप मिळतो, तसं इथं नाही.

त्यात एलएसयूच्या लोकांची एक जुनी जखम होती. अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टीमला त्यांनी शेवटचं हरवलं होतं 2011 च्या नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर सलग आठ पराभव. आमच्या लॅबमधला एक लुइझियानाचाच मुलगा म्हणायचा, शाळेत होतो तेव्हापासून आम्ही हरतोच आहोत.

एलएसयूचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो हा मुळात ओहायोचा. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं बाकावर बसून, पदवी घेऊन तो 2018 मध्ये एलएसयूत आला. कोच एड ओर्जेरॉन मात्र लुइझियानाच्या दक्षिण टोकाकडच्या लरोझ गावचे. घोगरा आवाज, बोलण्यात तिथल्या केजन, म्हणजे फ्रेंच वंशाच्या लोकांचा हेल. याआधी मिसिसिपीच्या युनिव्हर्सिटीनं त्यांना मुख्य कोच पदावरून काढलं होतं. घरच्या टीमनं त्यांना दुसरी संधी दिली, आणि हे तिथल्या माणसांच्या मनाला फार भिडायचं. आपला माणूस आपल्या टीमला वर नेतोय, ही भावना मला ओळखीची होती.

हा सीझन वेगळा आहे, हे मला दुसऱ्याच सामन्यात कळलं. टेक्सासच्या मैदानावर, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली, एलएसयू 37-31 नं पुढं. तिसरा प्रयत्न आणि सतरा यार्ड हवेत. अशा वेळी पळून वेळ काढायचा, हा एलएसयूचा जुना खाक्या. बरोनं अंगावर येणाऱ्यांना चुकवून चेंडू टीममधल्या जस्टिन जेफरसनकडं फेकला आणि 61 यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडं पोचला. सामना 45-38 नं जिंकला. आमच्या अपार्टमेंटच्या भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकून मी अंगणात गेलो, तर सगळे शेजारी आधीच बाहेर आले होते.

मग 9 नोव्हेंबर, अलाबामाच्या घरात. मध्यंतराला एलएसयू 33-13 नं पुढं, आणि तरीही कुणी हसत नव्हतं, कारण आठ वर्षांची सवय. अलाबामा खरोखर परत आली. पण क्लाइड एडवर्ड्स-हेलेर हा बॅटन रूजचाच पोरगा, अंगानं बुटका, त्यानं एकट्यानं चार टचडाउन केले. 46-41. त्या रात्री आमच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत हॉर्न वाजत होते. एक अनोळखी आजोबा मला मिठी मारून रडले.

टायगर स्टेडियममध्ये मी एकच सामना पाहिला, 30 नोव्हेंबरचा, टेक्सास ए अँड एमविरुद्धचा. एक लाखाहून जास्त माणसं मावतात तिथं. बाहेर सकाळपासून गाड्यांच्या मागं मोठमोठी पातेली चढलेली, जांबालाया (मसालेदार भात) आणि गंबो (दाट रस्सा), आणि मी शाकाहारी म्हटल्यावर एका काकूंनी मला वेगळा लाल राजमा-भात काढून दिला. आदल्या वर्षी याच टीमनं सात जादा डावांनंतर एलएसयूला 74-72 असं हरवलं होतं. बरोचा घरच्या मैदानावरचा तो शेवटचा सामना. सुरुवातीला तो मैदानात आला तेव्हा त्याच्या पाठीवर आडनावाचं स्पेलिंग लुइझियानाच्या फ्रेंच वळणानं लिहिलेलं होतं. ओहायोच्या मुलानं तुमचा झालो असं सांगितलं, आणि आख्खं स्टेडियम उभं राहिलं. निकाल 50-7.

पुढचं भराभर झालं. कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे आपल्या गटाच्या फायनलमध्ये, जॉर्जियावर 37-10. बरोला हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली, आणि भाषणात तो आपल्या जिल्ह्यातल्या उपाशी मुलांबद्दल बोलला. त्यानंतर तिथल्या अन्नवाटप केंद्राकडं लाखो डॉलर जमा झाले. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमावर 63-28. त्याच सकाळी आक्रमणाचे कोच स्टीव्ह एन्समिंगर यांची सून विमान अपघातात गेली होती, तरी ते मैदानावर आले. तो सामना मला आजही आनंदानं आठवता येत नाही.

13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लीन्समध्ये, म्हणजे घरापासून तासा-दीड तासावर, गतविजेत्या क्लेम्सनविरुद्ध फायनल. सुरुवातीला 17-7 नं मागं पडून 42-25 नं जिंकले. पंधरा सामने, पंधरा विजय. बरोचे सीझनभरात फेकलेले 60 टचडाउन, हा तेव्हाचा विक्रम.

दोनच महिन्यांनी कोविडमुळं कॅम्पस रिकामा झाला आणि मी कोल्हापूरला परतलो. लॉकडाउनमध्ये बाबांना मोबाइलवर अलाबामाचा सामना दाखवला. नियम त्यांना कळले नाहीत, पण शेवटच्या पाच मिनिटांत ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. तुम्हाला बघायचा असेल तर टेक्सासच्या सामन्यापासून सुरू करा, मग अलाबामाचा बघा.