रुटीन मैत्रिणीचं, स्वभाव तुझा

अगं,

तुझा भला मोठा मेसेज दोनदा वाचला. जिमची मेंबरशिप परत वाया गेली, स्वतःवरचा विश्वासच उडालाय, मी मुळातच आळशी आहे वगैरे वगैरे. मला ते अजिबात पटलेलं नाही. आळशी माणूस दार लावून महिनोन्महिने एकट्याने परीक्षेचा अभ्यास करत नाही, आणि तू तो केलायस, माझ्या डोळ्यांदेखत केलायस. मग जिममध्येच काय बिनसतं? उत्तर तूच लिहिलंयस, जाता जाता एका ओळीत, पण माझी नजर तिथेच अडकली. क्लासमध्ये म्युझिक प्रचंड मोठं असतं, ट्रेनर सगळ्यांसमोर नाव घेऊन ओरडतो आणि तू मागच्या रांगेत उभी राहून पूर्णवेळ आरशात एवढंच बघत असतेस की आपल्याकडे कोणी बघत तर नाहीये ना. पाऊण तास हे चालतं. म्हणजे व्यायामाने दमतेस ते वेगळंच, वर या लपाछपीने दुप्पट दमतेस, मग दुसऱ्या दिवशी घरातून पाय निघत नाही यात नवल काय?

तो क्लास तुझ्या मैत्रिणीसाठी एकदम बरोबर आहे. तिला आजूबाजूला चार माणसं असली की चेव येतो, कोणी नाव घेऊन ओरडलं की ती अजून दहा बैठका जास्त मारते. तिचं रुटीन तू जसंच्या तसं उचललंस, वेळेसकट, आणि जमलं नाही म्हटल्यावर दोष स्वतःला दिलास.

हे नुसतं माझं मत आहे असं समजू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०२५ मध्ये आला. त्यांनी लोकांचा स्वभाव आधी मोजला, मग त्यातल्या काहींना ८ आठवडे घरच्या घरी सायकलिंग आणि ताकदीचे व्यायाम दिले, आणि कुणाला काय करताना कसं वाटतं ते विचारत गेले. बहिर्मुख लोकांना जोरकस, दम काढणारे प्रकार आवडले. ज्यांचा स्वभाव काळजी करण्याचा, चटकन टेन्शन घेण्याचा, त्यांना मध्ये मध्ये थांबत, कोणाची नजर नसताना केलेला व्यायाम बरा वाटला. आणि स्ट्रेस सगळ्यात जास्त कुणाचा कमी झाला माहितीये? याच टेन्शन घेणाऱ्यांचा. अभ्यास छोटा होता, त्यावरून जगाचे नियम काढू नयेत, पण तुझा मेसेज वाचताना मला तोच आठवत राहिला, कारण ज्यांना व्यायामाचा सगळ्यात जास्त फायदा होणार असतो तीच माणसं चुकीच्या जागी जाऊन हिरमुसून परत येतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते नाहीतर तू याचा सोयीचा अर्थ काढशील. किती आणि काय करायचं हे शरीराच्या गरजेवर ठरतं, स्वभावावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आहेत ना, त्यात प्रौढ माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम सांगितलाय, आणि शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. तो ताकदीचा भाग अंतर्मुख माणसालाही लागतो आणि ज्याला फक्त नाचायला आवडतं त्यालाही. स्वभावाचं काम त्याच्यापुढे सुरू होतं, म्हणजे कुठे करायचं, कोणाबरोबर, कधी, किती ठरवून, मोजून की न मोजता. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे एका वेळी सलग १० मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली, त्यामुळे तुकड्या तुकड्यात केलेलंही धरतात. तुझ्या डोक्यात ते 'पूर्ण एक तास नसेल तर काय उपयोग' बसलंय ते काढ.

मग स्वतःचा स्वभाव ओळखायचा कसा? स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणाऱ्या त्या नेटवरच्या टेस्ट कृपा करून देऊ नकोस, आज एक उत्तर येतं आणि महिन्याभराने दुसरं. त्यापेक्षा मागे वळून बघ. कोणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरी तू मनापासून अंग हलवलंस असं कधी झालं? तुझं मला माहितीये. शाळेत असताना तू तासन् तास एकटीच सायकल फिरवायचीस, आणि घरी आल्यावर कुठे गेली होतीस विचारलं की 'कुठे नाही, अशीच' म्हणायचीस. तेव्हा तुला व्यायाम करतोय असं वाटलंच नव्हतं. या एका आठवणीत बरंच काही आहे, एकटं असणं, बाहेर असणं, एका लयीत चालू राहणं, डोकं रिकामं होणं, आणि कोणी काही न विचारणं.

यात अजून एक बारकावा आहे, त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. माणसं नकोत आणि माणसांनी बघायला नको या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुला माणसांचा कंटाळा नाहीये, माझ्याशी फोनवर तास तास बोलतेस तू. तुला नको असतं ते निरखलं जाणं. त्यामुळे एकच मैत्रीण, शेजारी शेजारी चालणं, नजर दोघींचीही समोर, हे तुला चालेल, कदाचित आवडेलही. स्विमिंगसुद्धा, कारण पाण्यात तोंड घातलं की जग बंद. याउलट ट्रेनरबरोबर एकास एक सेशन, जे लाजाळू लोकांना सगळे हमखास सुचवतात, ते तुला कदाचित क्लासपेक्षाही जड जाईल, तिथे तर एका माणसाचं पूर्ण लक्ष फक्त तुझ्यावर. अर्थात शांत, कमी बोलणारी ट्रेनर मिळाली तर गोष्ट वेगळी, दोन-तीनदा फॉर्म, म्हणजे व्यायाम करायची बरोबर पद्धत, शिकून घ्यायला ती हवीच.

दुसरं, तू याद्यांवर जगणारी मुलगी आहेस. सिलॅबसचा चार्ट भिंतीला, संपलेल्या धड्यावर हिरवी खूण. हा गुण व्यायामात सोन्यासारखा आहे, स्वभावात नेटकेपणा असलेले लोक एकूणच जास्त नियमित व्यायाम करतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आवडो न आवडो, यादीत आहे म्हणून करतात. पण याच स्वभावाचा एक त्रास आहे, चार्टवर एक रिकामा चौकोन दिसला की तुला सगळा चार्ट फाडावासा वाटतो. तेव्हा हे लक्षात ठेव. सवय कशी लागते यावर २०१० मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, त्यात गोष्ट अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही लागलेत, मधला आकडा ६६, आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरत असतं ते सोडून दे. चुकलेल्या दिवसासाठी चार्टवर एक वेगळी खूण ठरवून ठेव, साधं टिंब, म्हणजे चौकोन रिकामा दिसणार नाही आणि पुढचा दिवस सुरू.

तुझ्या भावाला मात्र हा चार्ट देऊ नकोस, तो आठवड्यात कंटाळेल. त्याला रोज नवीन काहीतरी लागतं, त्याने वेळ तेवढी पक्की ठेवावी आणि आत काय करायचं ते रोज बदलावं, आज दोरीच्या उड्या, उद्या फुटबॉल. ताकदीचे दोन-तीन मूळ प्रकार तेवढे तेच ठेवावेत कारण वजन हळूहळू वाढवत नेल्याशिवाय ताकद वाढत नाही, आणि रोज वेगळं केलं तर काय वाढवतोय तेच कळत नाही.

आणि जोर किती लावायचा याबद्दल. तुला वाटतं की जीव जाईपर्यंत केलं तरच केलं. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम व्यायामाची साधी खूण आहे. त्याच्या बऱ्याच वर गेलं, एक वाक्यसुद्धा धड पुरं होत नाही असं झालं की बहुतेकांना बरं वाटणं कमी होत जातं, काहींना ते झेलण्यातच मजा असते पण तू त्यातली नाहीस. आणि व्यायाम करताना कसं वाटलं याला किंमत आहे बरं. आधी फारशी हालचाल न करणाऱ्या लोकांवर एक छोटा अभ्यास झाला होता, मध्यम वेगाने व्यायाम करताना ज्यांना जास्त छान वाटलं ते ६ महिन्यांनी आणि १२ महिन्यांनीही जास्त हालचाल करताना दिसले. म्हणून सुरुवातीचे आठवडे मुद्दाम सोपे ठेव, संपवताना अजून थोडं चाललं असतं असं वाटलं पाहिजे.

तर माझ्या डोक्यात तुझ्यासाठी असं आहे. आठवड्यात चार संध्याकाळी सायकल किंवा भरभर चालणं, एकटी, चालताना कानात तुला आवडतं ते ऑडिओबुक, आणि ते बुक फक्त चालतानाच ऐकायचं, घरी नाही. दोन दिवस ताकदीचे, आपल्या खोलीत, दार लावून. सुरुवात खुर्चीपासून कर. खुर्चीच्या पुढच्या कडेला बस, पावलं खांद्यांइतकी लांब, हात छातीशी, आणि हाताचा आधार न घेता ऊठ. खरी गंमत परत बसताना आहे, धपकन बसायचं नाही, मनात तीनपर्यंत मोजत खाली यायचं, टेकलं की लगेच वर. आठ-दहा झाले की मांड्या आपणहून सांगतील. मग भिंतीला हात टेकून पुशअप, मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन, कमरेतून वाकून, त्या पोटाकडे वर ओढण्याचा प्रकार, पाठ सरळ ठेवून. सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत अंग दुखेल, ते नॉर्मल आहे, सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र थांब. आणि तुझा तो मुरगळलेला घोटा अजून दुखतो म्हणालीस ना, आधी डॉक्टरांना दाखव, मग सायकल.

वार आणि वेळ अंदाजे ठेवू नकोस, लिहून काढ, कुठून निघणार ते सुद्धा. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, २००२ मध्ये छापलाय, ज्यांनी पुढच्या आठवड्यात कधी आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलं त्यातल्या ९१ टक्के लोकांनी तो केला, ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ३८ टक्के. गंमत म्हणजे ज्यांना नुसतं मोटिव्हेशन दिलं त्यांचा आकडाही तसाच खाली राहिला, म्हणून मी तुला ते रील बघणं बंद कर म्हणत असते.

एक काळजी मात्र वाटते. आता तू 'माझा स्वभावच असा' म्हणून ताकदीचे दिवस गाळशील, किंवा आयुष्यभर दाराच्या आतच राहशील. असं करू नकोस गं. आज जो क्लास नको वाटतो तो, अंगात ताकद आली आणि चार हालचाली नीट जमायला लागल्या की, कदाचित वर्षभराने आवडेलही, कारण आपल्याला येतंय असं वाटलं की बघणाऱ्यांची भीती बरीच कमी होते. तेव्हा जायचं की नाही ते तू ठरव, मैत्रीण ओढतेय म्हणून जाऊ नकोस.

मैत्रिणीला काय सांगू असं विचारलंयस. खरं ते सांग, क्लास मला झेपत नाही, तुझ्याबरोबर रविवारी चालायला आवडेल. ती रागावणार नाही.

घोटा दाखवून झाला की डॉक्टर काय म्हणाले ते कळव, मग फोनवर बसून वार ठरवू.

तुझी,
ताई