एक बीटीके प्रथिन नाही, तर एवढं काय अडतं?

तुमच्या बहिणीच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये बीटीके (ब्रूटन टायरोसिन कायनेज) हे प्रथिन नसल्याचं आलंय, आणि शरीरात हजारो प्रथिनं असताना एकावाचून एवढं काय अडतं, असं तुम्ही विचारलंय. मी फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी एकेक करून तपासण्याच्या, लॅबमध्ये आहे. असे नमुने माझ्या हातून जातात, म्हणून लिहिते.

अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी अस्थिमज्जेत टप्प्याटप्प्याने घडतात. मधल्या एका टप्प्यावर पेशी अँटिबॉडीची जड साखळी, म्हणजे तिचा मोठा तुकडा, बनवून पृष्ठभागावर आणते. साखळी बरोबर जमली, की तिथून आत निरोप जातो: आता वाढ. तो पुढे नेणाऱ्यांपैकी एक बीटीके. ते पुढच्या एन्झाइमला फॉस्फेट चिकटवतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, विभाजन सुरू होतं. बीटीके नसेल तर साखळी बिनचूक असूनही आत पत्ता लागत नाही. पेशी तिथेच अडून मरते.

स्क्रीनवर हे सरळ दिसतं. टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी; त्यांच्या ठिपक्यांचा दाट पुंजका जागच्या जागी, आणि शेजारी बी पेशींच्या चौकटीत जेमतेम दोन-चार ठिपके. म्हणजे सगळीच प्रतिकारशक्ती गेलेली नाही. टी पेशींना बीटीके लागत नाही. पहिले काही महिने आईच्या अँटिबॉडी पुरतात, म्हणून कानाची, छातीची दुखणी साधारण सहा महिन्यांनंतर मागे लागतात.

ब्रूटन या अमेरिकन डॉक्टरांनी 1952 मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी असलेला प्रथिनांचा भाग, नसल्याचं दाखवलं आणि ते बाहेरून द्यायला सुरुवात केली. आजही उपचार मुळात तोच. बीटीकेचा जनुक 1993 मध्ये सापडला.

तो एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या दोन एक्सपैकी प्रत्येक पेशीत एकच चालू असतो. म्हणून आई वाहक असेल, म्हणजे तिच्या एका एक्सवर जनुकात दोष असेल, तर तिच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आलेखात सहसा दोन उंचवटे दिसतात, एक बीटीके असलेल्यांचा, एक नसलेल्यांचा. तिच्या बी पेशींत मात्र एकच, कारण निरोप न पोचलेल्या पेशी मज्जेतच गळून गेलेल्या असतात. माझ्या लेखी बीटीकेचं काम याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

बहिणीची ही तपासणी करून घ्या. ती वाहक निघाली, तर तिच्या बाकीच्या बहिणींचीही; तुम्ही त्यांपैकी असाल तर तुमचीही. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत प्रतिकारशक्तीच्या अशा जन्मजात आजारांवर काम चालतं. आणि मुलाला पोलिओचे थेंब देऊ नका. त्यात जिवंत विषाणू असतो.