फेम्टोसेकंद पल्सला पीळ देताना कडं का ताणलं जातं?

तुमचा प्रश्न असा: एसएलएमवरचा (प्रकाशाची फेज ठिकठिकाणी हवी तशी बदलणारा पडदा) फोर्क होलोग्राम, म्हणजे लाटेला स्क्रूसारखा पीळ देणारा काट्याच्या आकाराचा रेघांचा नमुना, एकाच रंगाच्या हीलियम-निऑन लेझरला सुबक गोल कडं देतो, पण 800 नॅनोमीटरचा, अतिआखूड पल्सचा फेम्टोसेकंद लेझर सोडला की कडं आडवं ताणलं जातं आणि मधलं काळं भोक भरून येतं.

आरसे हलवत बसू नका. हे काम रंगांचं आहे. पल्स जितका आखूड, तितका त्याचा वर्णपट रुंद: 100 फेम्टोसेकंदाला साधारण 10 नॅनोमीटर, 10 फेम्टोसेकंदाला जवळपास 100. आणि फोर्क होलोग्राम म्हणजे शेवटी ग्रेटिंगच, प्रकाश वळवणाऱ्या बारीक रेघांची जाळी. प्रत्येक रंगाचं कडं व्यवस्थित बनतं, पण जरा वेगळ्या कोनात जातं. कॅमेऱ्यात दिसते ती एका बाजूला सरकलेली बांगड्यांची चळत. कॅमेऱ्यापुढे अरुंद बँडचा फिल्टर धरून बघा, भोक पुन्हा काळं होईल. मला हे सगळं समजलं ते असा फिल्टर धरला तेव्हाच.

उपाय: दोन लेन्स लावून होलोग्रामची प्रतिमा तितक्याच रेघांच्या दुसऱ्या ग्रेटिंगवर पाडा. मधे झिरी ठेवून फक्त पहिली ऑर्डर (ग्रेटिंगमधून वेगवेगळ्या कोनांत निघणाऱ्या झोतांपैकी पहिला) पुढे जाऊ द्या. दुसऱ्या ग्रेटिंगची कोणती ऑर्डर घेता तिकडे नीट लक्ष द्या, चुकीची घेतलीत तर विखुरणं मिटण्याऐवजी दुप्पट होतं.

पीळ देण्याचा दुसरा मार्ग म्हणजे स्पायरल फेज प्लेट, गोल जिन्यासारखी जाडी वाढत जाणारी चकती. तिची पायरी एकाच तरंगलांबीसाठी असते. 800 ला फेजचा एक पूर्ण फेरा देणारी प्लेट 750 ला सुमारे 1.07 फेरे देते. 100 फेम्टोसेकंदाला ते खपून जातं, 10 ला नाही. दर फोटॉनमागचा कोनीय संवेग याच फेऱ्यांवर ठरतो, हे लायडनला लेस ॲलन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवलं. म्हणून अतिआखूड पल्सला मी क्यू-प्लेट पसंत करतो. तिच्यात फेज जाडीवरून नाही, तर द्रवस्फटिकाच्या रेणूंच्या दिशेवरून ठरते, त्यामुळे सगळ्या रंगांना सारखाच पीळ मिळतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. रंग मुद्दाम पसरवून, त्या पसरलेल्या पट्ट्यावरच पीळ दिला तर? मेरीलँड विद्यापीठात हॉवर्ड मिल्चबर्ग यांच्या गटाने 2019 मध्ये पल्स शेपर (रंग पसरवून, त्यांत बदल करून पुन्हा एकत्र आणणारी मांडणी) वापरून असे पल्स मोकळ्या हवेतून पाठवले. त्यांच्या पिळाचा आस प्रवासाच्या दिशेला आडवा असतो, रस्त्यावरून धावणाऱ्या चाकासारखा. वरच्या उपायातलं बरंचसं सामान इथेही चालतं: होलोग्रामच्या जागी दाट रेघांचं ग्रेटिंग येतं, लेन्स सिलिंड्रिकल घ्याव्या लागतात, आणि एसएलएम दोन लेन्सच्या मधोमध जातो.