९२ लाखांची केमन की २ कोटी ६० लाखांची हुराकान?

प्रश्न : वय ४६. नाशिकला अंबड एमआयडीसीत सीएनसी मशिनिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. कर भरून वर्षाला ९५ लाख हातात येतात. घरखर्च ३० लाख, एसआयपी १८ लाख. एफडी १ कोटी २० लाख, म्युच्युअल फंड ३ कोटी ४० लाख, कंपनीच्या खात्यात ७० लाख पडून आहेत. गंगापूर रोडचं घर कंपनीच्या सीसी लिमिटसाठी (बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी मिळणारं कर्ज) तारण आहे. मुलगी अकरावीत, पुढे परदेशी शिकायला जाईल; खर्च साधारण १ कोटी २० लाख. इंजिन मध्यभागी असलेली स्पोर्ट्स कार घ्यायची फार दिवसांची इच्छा आहे. मुंबईत २०२१ ची पोर्शे ७१८ केमन ९२ लाखांना आणि २०१९ ची लॅम्बोर्गिनी हुराकान इव्हो २ कोटी ६० लाखांना मिळते आहे. मित्र म्हणतो, केमनचा दोन वर्षांत कंटाळा येईल, घ्यायची तर एकदाच मोठी घे, तिची किंमतही टिकते. की नवीनच घ्यावी, किंवा अमेरिकेतली स्वस्त कॉर्व्हेट मागवावी?

उत्तर : केमन घ्या, पण वर्षभर थांबून आणि स्वतःच्या नावावर. हुराकान तुमच्या आजच्या हिशेबात बसत नाही.

आधी कॉर्व्हेट निकाली काढू. अमेरिकेत ‘स्वस्त’ असलेली गाडी भारतात स्वस्त का राहत नाही, ते तिच्यात स्पष्ट दिसतं. २०२० च्या सी८ मॉडेलपासून कॉर्व्हेटचं इंजिन सीटच्या मागे गेलं. ६.२ लिटरचं व्ही८, ४९० हॉर्सपॉवर आणि सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत. तिथे फेरारीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या पैशात ती मिळत होती, म्हणून तिचं इतकं कौतुक झालं. आपल्याकडे ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार गाडीवर एकूण आयात शुल्क ११० टक्के, आणि त्या फुगलेल्या रकमेवर ४० टक्के जीएसटी. १०० रुपयांची गाडी बंदराबाहेर येते तेव्हा २९४ रुपयांची झालेली असते. शिवाय जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली. ना वर्कशॉप, ना वॉरंटी, ना पार्ट. इथे तिचा विषय संपतो.

नव्या गाडीच्या बाबतीत महाराष्ट्राचा रोड टॅक्स बघा. आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे आणि त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. दीड कोटीच्या गाडीला पूर्ण २० टक्के, म्हणजे ३० लाख लागतात. साडेपाच कोटींच्या गाडीलाही तेच ३० लाख, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. प्रमाणात बघितलं तर ‘परवडणारी’ गाडी नवीन घेणाऱ्यालाच हा कर जास्त बोचतो. वापरलेल्या गाडीत तो पहिल्या मालकाने भरलेला असतो. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादनही २०२५ मध्ये थांबलं. म्हणून वापरलेलीच बघा, पण एमएच पासिंगची. परराज्यातली गाडी १०-१२ लाखांनी स्वस्त दिसते, पण इथे आणल्यावर महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो आणि तिकडचा परतावा मिळवायला हेलपाटे घालावे लागतात. साडेपाच कोटींची नवी गाडी मी इथेच सोडतो. एफडी आणि फंड मिळून तुमच्याकडे ४ कोटी ६० लाखच आहेत.

उरल्या दोन. त्यांची तुलना खरेदीच्या किमतीवर करू नका. पाच वर्षांत कुठला पैसा परत येणार नाही, तो मोजा. गृहीतकं माझी आहेत, तुमचे आकडे घालून बदला. केमन ९२ ला घेऊन ५५ ला विकली तर ३७ लाख गेले. पाच वर्षांचा विमा ८ लाख, सर्व्हिस आणि वाढीव वॉरंटी साडेबारा लाख, टायर ४ लाख, मुंबईपर्यंत ट्रकवरून ने-आण १ लाख. हेच ९२ लाख कर जाऊन ८ टक्क्यांनी वाढले असते, ते ४३ लाख. बेरीज १ कोटी साडेपाच लाख, म्हणजे वर्षाला २१ लाख. हुराकान २ कोटी ६० ला घेऊन १ कोटी ७० ला विकली तर घट ९० लाख, विमा २२, देखभाल ४५, बुडालेला परतावा १ कोटी २२. बेरीज २ कोटी ७९ लाख, वर्षाला ५६. तुमच्या हातात घरखर्च आणि एसआयपी जाऊन ४७ लाख उरतात. केमन त्याच्या निम्म्याच्या आत राहते, हुराकान त्याच्या बाहेर जाते. वर्षाला ३,००० किलोमीटर फिरलात तर पेट्रोल सोडून केमनचा एक किलोमीटर ७०० रुपयांना पडतो, हुराकानचा १,८६०. हा आकडा घरात सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा आणि मगच ठरवा.

देखभालीत एवढा फरक का? सेकंडहँड गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. हुराकान निम्म्या किमतीत मिळाली तरी कार्बन-सिरॅमिक ब्रेकची डिस्क, क्लच आणि पुढचा बंपर यांची बिलं नव्या गाडीच्या भावानेच येतात. त्यात इंजिन मध्यभागी असलं की मजुरीही वाढते. वरून बोनेट उघडून हात घालता येत नाही, बरंचसं काम गाडी लिफ्टवर चढवून खालून करावं लागतं. केमनलाही हे लागू आहे, फक्त तिचं इंजिन २ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो आहे, हुराकानचं ५.२ लिटरचं व्ही१०.

मित्राच्या कंटाळ्याच्या मुद्द्याला थोडं उत्तर द्यायला हवं. केमन ३०० हॉर्सपॉवरची, १०० चा वेग ५ सेकंदांच्या आसपास गाठते. इव्हो ६४० हॉर्सपॉवरची, ३ सेकंदांच्या आत. पण समृद्धीवर सपाटीची मर्यादा १२० आहे. इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असल्याने वळणावर गाडी जी चपळ वागते, ती मजा केमनमध्ये पुरेपूर आहे आणि कायदेशीर वेगात मिळते. पैसे त्यासाठी द्या.

मित्र किंमत टिकते म्हणतो, तर आयात शुल्काकडे लक्ष ठेवा. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या करारात ठरावीक संख्येच्या कोट्याच्या आत गाड्यांवरचं शुल्क १०० टक्क्यांहून जास्त होतं ते १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटींतही गाड्यांचं शुल्क हा मोठा मुद्दा होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव तिच्यामागे घसरतो. १५ टक्के घसरण म्हणजे केमनवर १४ लाख, हुराकानवर ३९ लाख.

आता पैसा कुठून. कंपनीतले ७० लाख ‘पडून’ नाहीत. त्यात जीएसटी भरायचा आहे. छोट्या पुरवठादारांची बिलं ४५ दिवसांत चुकवायची आहेत, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करात वजावटीला मिळत नाही. एखाद्या मोठ्या ग्राहकाने ६० ऐवजी ९० दिवस लावले की याच पैशावर पगार होतात. सीसीला घर तारण आहे, हे विसरू नका. एफडी मुलीची आहे, तिला हात लावू नका. म्हणून पुढचे १२ महिने दरमहा साडेतीन लाख लिक्विड फंडात टाका, ४२ लाख जमतील. उरलेल्या ५० लाखांचं कर्ज चार वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरलं तर हप्ता १ लाख २९ हजार. हप्ता आणि देखभाल मिळून वर्षाला साडेवीस लाख जातात, ४७ मध्ये ते निभतं. दरमहा साडेतीन लाख वर्षभर बाजूला पडले नाहीत, तर हप्ताही झेपणार नाही, हे तिथेच कळेल. एवीतेवी सिंहस्थासाठी शहरातले रस्ते खोदलेले असताना एवढी बुटकी गाडी बाहेर काढवणारही नाही.

कंपनीच्या नावावर घेऊन कर वाचेल, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. १५ टक्के घसारा मिळतो, ९२ लाखांवर पहिल्या वर्षी १३ लाख ८० हजार, त्यावर कर वाचतो साधारण साडेतीन लाख. पण जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. गाडी पूर्ण खासगी वापराची असेल तर किमतीच्या १० टक्के रक्कम आणि कंपनीने केलेला खर्च दरवर्षी तुमच्या उत्पन्नात धरला जातो. वाचलेलं तिथेच निघून जातं, वर बँक खेळतं भांडवल कमी झालेलं बघते.

वर्षभराने २०२१ ची नको, २०२२ किंवा नंतरची बघा. पाच वर्षांनंतर बऱ्याच विमा कंपन्या झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता भरपाई) देत नाहीत. इंजिनाच्या नुकसानीसाठीचं ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर घ्या. शर्यतीत किंवा वेगचाचणीत झालेलं नुकसान नेहमीच्या मोटार पॉलिसीत भरून मिळत नाही.

तपासणी मुंबईत अधिकृत वर्कशॉपमध्ये, लिफ्टवर. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर बघा. पालापाचोळा साचून ओल धरते आणि कंडेन्सर गंजून गळतो. मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असल्याने अदलाबदल करता येत नाही, ते आधी संपतात. टायरवरचा चार अंकी तारखेचा कोड वाचा. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी मातीचा डाग असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे. बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. गाडी महिनाभर उभी राहून बॅटरी बसली की डिकीच उघडत नाही, मग फ्यूज बॉक्समधल्या टर्मिनलला बाहेरून करंट द्यावा लागतो. म्हणून पार्किंगमध्ये चार्जरसाठी प्लग आधी बसवून घ्या. तिथल्या रॅम्पवर पुढच्या बंपरची खालची कड घासते का, हे टोकन देण्याआधी गाडी नाशिकला आणवून तिरकी चढवून बघा.

टोकन ५० हजारांच्या वर देऊ नका. पावतीवर तीन अटी लिहून घ्या : तपासणीत दोष निघाला तर पूर्ण परतावा, जुन्या कर्जाचं बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेली रक्कम, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी.