नवी बॅटरी आणण्यापूर्वी

किल्ली फिरवल्यावर नुसतीच टकटक होऊन गाडी सुरू झाली नाही, तर बॅटरी गेली असे समजून लगेच दुकान गाठू नका. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात बॅटरीच्या टोकांवर आणि बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड वायरीवर गंज लवकर चढतो. पुष्कळदा दोष तिथेच असतो. मी एका पावसाळ्यात ती वायर न पाहताच नवी बॅटरी घेतली, आणि गाडी जागची हलली नाही ती नाहीच.

गाडी काही तास उभी राहिल्यावर साध्या मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा. सुमारे १२.६ दिसल्यास बॅटरी भरलेली असते, १२.२ दिसल्यास साधारण निम्मी उतरलेली. मात्र इंजिन चालू असताना आकडा १३ च्याही खाली राहिला, तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, घ्यावा.

टोके साफ करताना ऋण टोक आधी सोडवावे, कारण धन टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासावे, पुसून कोरडे करावे, ऋण टोक शेवटी जोडावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी.