नाकोडा, नाकोटा की लाकोटा?

प्रश्न असा आहे : कॅनडातल्या मूलनिवासींवरच्या लेखनात ‘नाकोडा’ भेटतो, जुन्या पुस्तकांत ‘नाकोटा’ आणि ‘असिनिबॉइन’, शिवाय ‘लाकोटा’ आणि ‘डाकोटा’ आहेतच. ही सगळी एकाच नावाची रूपे का? आणि मराठीत लिहायचे कसे?

मूळ शब्द एकच आहे, लोक मात्र एक नाहीत. या सगळ्या बोली सू भाषाकुलाच्या डाकोटा शाखेतल्या. एकाच जुन्या ध्वनीच्या जागी कुठे ड, कुठे ल, कुठे न येतो, आणि ‘मित्र, सोबती’ अशा अर्थाचे स्वतःचे नाव त्याप्रमाणे डाकोटा, लाकोटा किंवा नाकोडा होते.

गोंधळ इथूनच सुरू होतो. पूर्वेकडचे डाकोटा, मधले नाकोटा, पश्चिमेचे लाकोटा अशी सुटसुटीत वाटणी अनेक पुस्तकांत छापलेली असते आणि मधल्या जागी यँक्टन व यँक्टनाई या सूंच्या (डाकोटा-लाकोटा लोकांच्या) दोन गटांना बसवलेले असते. ही वाटणी चुकीची आहे. यँक्टन-यँक्टनाई स्वतःला डाकोटाच म्हणवतात. त्यांच्या बोलीत काही ठिकाणी न येतो, एवढ्यावरून हा समज पसरला : ‘मुलगा’ लाकोटात होक्शिला, यँक्टनमध्ये होक्शिना, तर पूर्वेकडच्या डाकोटात होक्शिडां. पण हा न एका प्रत्ययातला आहे, त्यांच्या नावातला नाही. डग्लस पार्क्स आणि रेमंड डिमॅली या अभ्यासकांनी 1992 मध्ये बोलींची नीट तपासणी करून हे मांडले. स्वतःच्या नावात न असणारे दोनच समाज आहेत : असिनिबॉइन आणि स्टोनी.

असिनिबॉइन अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या फोर्ट बेलनॅप व फोर्ट पेक आरक्षित प्रदेशांत आणि कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात राहतात, स्टोनी कॅनडाच्याच आल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी. दोघेही नाकोडा, पण एकाची बोली दुसऱ्याला सहज समजत नाही. स्टोनी तर साऱ्या शाखेत सर्वांत दूर गेलेली बोली. तिथे जुन्या ‘स’चा ‘थ’सारखा उच्चार झालेला दिसतो. स्टोनींच्या मोर्ली गावाचे त्यांच्या भाषेतले नाव मिनी थनी, म्हणजे ‘थंड पाणी’. लाकोटात हेच ‘म्नी स्नी’ होईल. स्टोनी लोक स्वतःला इयेथ्का किंवा इयार्हे नाकोडा, म्हणजे डोंगरातले नाकोडा, असेही म्हणवतात.

‘असिनिबॉइन’ हे त्यांचे स्वतःचे नाव नव्हे. शेजारच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत असिन म्हणजे दगड आणि ब्वान म्हणजे सू. तापवलेले दगड पाण्यात टाकून अन्न शिजवण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध लावतात. ‘स्टोनी’ही त्याच कल्पनेचा इंग्रजी अवतार. भाषेने नाकोडा सूंचे सख्खे, पण 17व्या शतकापासून त्यांची युती शेजारच्या क्री लोकांशी, पुढे ओजिब्वेंशीही होती आणि सूंशी वैर. 1640च्या जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या) वृत्तान्तातही त्यांची नोंद स्वतंत्र लोक म्हणून आहे. म्हणून ‘नाकोडा ही सूंची एक टोळी’ हे वाक्य कृपया लिहू नये. भाषिक नात्याला त्यात राजकीय नाते समजले जाते आणि ‘सात शेकोट्या’ या सूंच्या सात गटांच्या संघात ते नव्हते हे पुसले जाते.

आता लेखन. असिनिबॉइनमध्ये दोन स्वरांमधला साधा ट घोष होतो, म्हणजे ‘ड’सारखा ऐकू येतो. म्हणून जुन्या नोंदींतला ‘नाकोटा’ आणि आजचा ‘नाकोडा’ हा उच्चार आणि लेखन यांतला फरक आहे, वेगळा समाज नाही. आजचे लेखन ‘नाकोडा’च ठेवावे. मात्र त्याच्या जोडीला ‘डाकोडा’, ‘लाकोडा’ करू नये, कारण तिथे ट अघोषच राहतो. पहिला स्वर पूर्ण ‘आ’ आहे, तेव्हा ‘नकोडा’ नको. आघात दुसऱ्या अक्षरावर. काटेकोर पाहिले तर मधला क महाप्राण आहे, आणि देवनागरीत तो ‘ख’ने दाखवता येतो. पण मग लाकोटाचा ‘लाखोटा’ होईल, जो ‘लखोटा’ वाचला जाणार. रूढ ‘क’ बरा. षष्ठीत ‘नाकोडांची भाषा’ लिहावे, ‘नाकोड्यांची’ नको.

शेवटचे एक : महाराष्ट्रात नुसता ‘नाकोडा’ वाचला की राजस्थानातले बालोतराजवळचे जैन तीर्थ आणि त्यावरून ठेवलेली दुकानांची नावे आठवतात. त्या नावाशी याचा काही संबंध नाही, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘उत्तर अमेरिकेतले नाकोडा’ असे लिहावे.