अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला एकाच उन्हाळ्यात पुण्यात मराठी शिकून आषाढी वारीवर स्वतंत्र संशोधन करता येईल का?

मराठी शिकायला सुरुवात नक्की करा, पण मुलाखतींवर आधारलेलं संशोधन त्याच उन्हाळ्यात करू नका. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते, म्हणून सांगते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे पुण्यात मराठीचे वर्ग असतात. सुट्टीभराच्या वर्गांनी मंडईत भाव विचारण्याइतकी भाषा येते. दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी चालता चालता, मध्येच अभंगाचा चरण म्हणत जे सांगतात, ते कळायला वर्षभराचा अभ्यास आणि मराठी घरातला मुक्काम हवा. हिंदी आधीच चांगली येत असेल, तर मात्र बराच वेळ वाचतो. संशोधनासाठी भारताचा रिसर्च व्हिसा वेगळा असतो; त्याची चौकशी तिकीट काढण्याआधी करा.